वाळूची सहा पोती

आमच्या कारखान्यात मोटार यायची ती नुसती चेसी असायची. म्हणजे इंजिन, रेडिएटर, चाकं आणि ड्रायव्हरला टेकायला एक खोकं. वरची सगळी गाडी आम्ही बांधायचो. लाकडी सांगाडा बाबांचा, त्यावर पत्रा चढवणारे वेगळे. बाबा तिथले मोठे सुतार आणि मी त्यांच्या हाताखाली. चाळिशीला टेकलो तरी हाताखालीच.

दारं बसवायची बाबांची एक रीत होती. गाडी तिच्या चाकांवर उभी करायची, चार माणसांच्या वजनाची सहा पोती वाळू आत ठेवायची आणि एक अख्खा दिवस तिला कुणी हात लावायचा नाही. वजनानं लांब चेसी मधे किंचित वाकते. ती वाकली की मग दारं टांगायची. "गाडीत माणसं बसणार आहेत, हवा नाही," असं ते म्हणायचे. पत्रेवाले हसायचे.

त्या लांबलचक चार दारांच्या गाडीच्या वेळी बाबा तापानं घरी पडले. चाकं रंगाऱ्याकडे अडकलेली, गाडी ठोकळ्यांवर चढवलेली, म्हणजे चेसीला मधेही टेकू. शुक्रवारी गिऱ्हाईक येणार म्हणून मालक कचेरीतून मला निरोपावर निरोप धाडत होते. मी ठोकळ्यांवरच चारही दारं टांगली. बसलीही अशी झकास की मी स्वतःवरच खूश. गाढव!

बाबा गुरुवारी आले. तोवर चाकं लागली होती. दारांच्या फटींवरून अंगठा फिरवत ते गाडीभोवती फिरले.

"पोती ठेवली होतीस ना?"

"हो."

त्यांनी मान डोलावली आणि मालकांना गाडी तयार असल्याचं सांगितलं.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. साहेब, बाईसाहेब आणि साहेबांचे दोन धिप्पाड मेहुणे आत बसले. फाटकापर्यंत एक चक्कर झाली आणि दारं उघडेनात. एकही उघडेना. साहेब आतून ढकलतायत, मालक बाहेरून ओढतायत, बाईसाहेब काचेआड लालबुंद. शेवटी एक मेहुणा खिडकीतून उतरला, आधी डोकं, मग बाकीचा ऐवज. त्याच्यामागून दुसरा उतरला, तशी गाडी जरा वर उचलली गेली आणि दार आपसूक सुटलं. बाबांनी तिथल्या तिथे रंधा घेऊन कडा तासल्या. सगळ्यांसमोर रंधा घसरला आणि नव्या रंगावर लांब ओरखडा उठला.

मालकांनी त्यांना आत बोलावलं. "तपासताना फटीचा अंदाज चुकला तुमचा. डोळे आता साथ देत नाहीत. पुरे झालं, घरी आराम करा."

मी आत घुसलो. ठोकळ्यांवर दारं मी टांगली, पोती ठेवलीच नाहीत, बाबांशी खोटं बोललो, सगळं सांगून टाकलं. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बापासाठी उभा राहणारा मुलगा असा असावा."

"रंगाऱ्याला विचारा ना, चाकं कधी आली ते."

रंगाऱ्याला बोलावलं. त्याला स्वतःचा उशीर झाकायचा होता. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "सोमवारीच पोचवली की." तासलेल्या दारांवरून आता काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. मालकांनी बाबांना नमस्कार केला, अगदी मनापासून. मला मालकांचा गळा धरावासा वाटला, पण धरून सांगणार काय?

घरी जाताना मी पुन्हा म्हणालो, "बाबा, खरंच मीच केलं हो."

ते थांबले. माझ्या सदऱ्यावरचा भुसा झटकत म्हणाले, "तू पोती विसरशील? मी शिकवलंय तुला. माझीच नजर गेली रे, मला कळलं नाही इतकंच. खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही."

मला रडू फुटलं. आपल्यासाठीच रडतोय असं समजून ते माझी पाठ थोपटत राहिले. गुरुवारपर्यंत हा माणूस केसाएवढी फट अंगठ्यानं ओळखत होता. चौकात आलो, तेव्हा पलीकडून येणाऱ्या गाड्यांकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि रस्ता ओलांडायला आयुष्यात पहिल्यांदा माझा दंड धरला.