शॉट संपल्यावरचं हसू

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी मेकअपची पेटी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला बिस्किटांचा डबा समजून उघडायला जाल. या घरी येणाऱ्या पाहुण्यांनी ती चूक केलेली आहे. परवापरवापर्यंत माझा मुक्काम लंडनजवळच्या पिनरमध्ये, जिन्याच्या वरच्या अंगाला, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात होता. खाली टॉवेल, वर चादरी आणि मधल्या फळीवर मी. थंडीत साऱ्या घराला हुडहुडी भरायची तेव्हा मी मात्र उबेत असायचे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. पण एके काळी माझं झाकण उघडलं की भोवती दिवे लागायचे, हे विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

माझा जन्म मद्रासचा. तेव्हा चेन्नईला मद्रासच म्हणत. एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं, बाहेरून हिरवा रंग दिला आणि झाकणाच्या आत आरसा बसवला. मला विकत घेतलं मधुमतीबाईंनी, आपल्या नवऱ्यासाठी. नवरा म्हणजे मुरलीधर राव. घराणं तंजावरचं मराठी. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही माणसं घरात जुन्या वळणाची मराठी बोलतात आणि उंबरठ्याबाहेर अस्सल तमिळ. मुरलीधरराव सिनेमात हिरो व्हायला मद्रासला आले होते. स्टुडिओत सगळ्यांसाठी ठेवलेला स्पंज लावला की त्यांच्या गालावर पुरळ उठायचं, म्हणून त्यांना स्वतःची पेटी हवी होती. बाईंनी माझ्यात चेहऱ्याला लावायचा पॅनकेक, पावडर, खोट्या मिशा आणि त्या चिकटवायचा डिंक नीट लावून ठेवला आणि मला कुंकू लावलं. मला वाटलं, चला, आपण हिरोच्या घरी पडलो.

तसं काही झालं नाही. पहिल्याच सिनेमात त्यांना हिरोच्या थोरल्या भावाचं काम मिळालं आणि तो थोरला भाऊ इंटरव्हलच्या आधीच मेला. आता तुम्ही म्हणाल, मरायचं काम काय, कुणालाही जमेल. अजिबात नाही! भले भले नट मेल्यावर पापणी हलवतात. कुणाचं पोट वरखाली होतं, कुणाला नेमकी तेव्हाच शिंक येते. मुरलीधरराव मात्र असे निपचित पडत, की त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडणारी नटी खरोखरच घाबरून गप्प व्हायची. दिग्दर्शक खूष झाले आणि स्टुडिओभर बातमी पसरली. मग काय, प्रामाणिक इन्स्पेक्टर मुरलीधरराव, गरीब मास्तर मुरलीधरराव, हिरोइनचे भोळे वडील मुरलीधरराव. सगळे भले आणि सगळे अल्पायुषी. हिरोने सूड घ्यायचा तर आधी कुणीतरी जायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे आम्ही. नाकात घालायचा कापूस आणि ओठांना लावायचा निळसर रंग माझ्यात कायमचे राहायला आले.

एकदा कुंभकोणमजवळ शूटिंग चाललं होतं. एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली आणि मुरलीधररावांच्या तोंडावरून हात फिरवत हमसून हमसून रडायला लागली. आदल्याच दिवशी तिने त्यांना पडद्यावर मरताना पाहिलं होतं. तिने त्यांना घरी नेलं, समोर बसून जेवू घातलं आणि निघताना म्हणाली, "या सिनेमात तरी जग रे, बाबा." मुरलीधररावांनी अगदी मनापासून मान डोलावली. त्या सिनेमात ते लॉरीखाली गेले.

पुढे दिवस पालटले. मालिका आल्या, नवे मेकअपवाले आपापल्या मोठ्या बॅगा घेऊन आले. शेवटी शेवटी तर मुरलीधररावांना कुणी बोलवतही नसे, भिंतीवर लावायला त्यांचा फोटो तेवढा मागून नेत. एका मालिकेत तो फोटो हार घालून मयत बापाचं काम करत होता आणि हे घरी बसून तो बघत होते. मधुमतीबाई म्हणायच्या, "बघा, तुमचा फोटोसुद्धा किती छान काम करतो." त्यावर ते हसायचे. बाई गेल्या आणि त्यांनी टीव्ही लावायचंच सोडून दिलं.

त्यांची लेक अर्चना इंग्लंडमध्ये होती. तिने क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात खेटे घातले आणि अप्पांना कायमचं इकडे आणलं. त्यांच्या बॅगेत धोतरांच्या घडीखाली मी होते. जावई विनय पुण्याचे. "अप्पा, हे ठेवायचंय, का चॅरिटी शॉपला देऊ या?" असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. लगेच मला कपाटात जागा झाली.

त्या कपाटात मी किती वर्षं काढली ते मी मोजलं नाही. टॉवेल यायचे, टॉवेल जायचे. दाराआडून घरातलं सगळं ऐकू यायचं, म्हणून तर मला कळलं, की मुरलीधररावांच्या हृदयाची एक झडप कुरकुर करते आहे, ती बदलायला हवी आणि हॉस्पिटलने तारीखही दिली आहे. आणि नेमकी त्याच सुमाराला एका शनिवारी त्यांची नात तनू त्यांच्या खोलीत आली. तनूचा जन्म इथलाच. कॉलेजात ती फिल्म शिकते. आजोबांना ती तमिळ पद्धतीने ताता म्हणते आणि ते तिला लाडाने कण्णा.

"ताता, माझा फिल्ममध्ये एक डेड आजोबा पाहिजे. तुम्ही कराल का? वियर्ड वाटत असेल तर नो प्रॉब्लेम, रियली."

मुरलीधररावांचा तो घुमणारा आवाज कितीतरी दिवसांनी माझ्या कानी पडला. "कण्णा, तू अगदी बरोबर माणसाकडे आलीस."

अर्चना मात्र चिडली. "अगं, पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन आहे आणि तू त्यांना मेलेलं काय दाखवतेस?"

"करू दे गं," ते म्हणाले. "मला दुसरं येतं तरी काय?"

कपाटाचं दार उघडलं आणि ओळखीचा हात माझ्या कडीला लागला. मित्रांनो, तो आनंद मी कसा सांगू! डिंक वाळून खडा झाला होता, पॅनकेकला भेगा पडल्या होत्या. त्यांनी तो बोटाने पाणी लावून हलकेच मऊ केला. डोळ्यांखाली सावली दिली, ओठ फिके केले. माझ्या आरशात मला पुन्हा नट दिसला.

शूटिंग खालच्या खोलीत सोफ्यावर झालं. तनूची मैत्रीण सिया कॅमेरा सांभाळत होती. मी शेजारच्या स्टुलावर उघडीच होते. मुरलीधरराव पडले आणि गेले. असे गेले, की सिया कुजबुजली, "तनू, इज ही ओके?"

"कट!" तनू ओरडली. "ताता, दॅट वॉज अमेझिंग!" तेवढ्यात दारावरची बेल वाजली. पिझ्झा आला होता. दोघी पळाल्या. पाठोपाठ विनयरावांचा आवाज आला, प्लेट्स वाजल्या, सगळं घर स्वयंपाकघरात जमलं. आणि मुरलीधरराव तसेच पडून राहिले.

आता इथे तुम्हाला आमच्या स्टुडिओतली एक रीत सांगायला हवी. पडद्यावर नट मेला, की शॉट झाल्यावर कॅमेरा लगेच बंद करत नसत. कॅमेऱ्यामागचं कुणीतरी त्याला हाक मारायचं, "उठा, हसा." मग मेलेल्याने डोळे उघडायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढी फिल्म नंतर कापून टाकत, ती कुणी बघायची नसे. पण ते हसू घेतल्याशिवाय नटाला घरी सोडत नसत. तसाच गेला तर मरण त्याच्या अंगावरच राहतं, असं मानायचे. आणि हाक दुसऱ्यानेच मारायची. आपलं आपण उठून हसलं तर ते धरत नसत. मुरलीधरराव इतक्यांदा मेले, पण त्यांना न उठवता कुणी जेवायला गेलं, असं कधी झालं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते उठले, तोंड पुसलं आणि मला कपाटात ठेवून आले. कडी लावायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्चनाला सांगितलं, "ऑपरेशन राहू दे. हॉस्पिटलला तसं कळव."

"अप्पा, अहो असं काय करता? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? नाही केलं तर..."

"नाही केलं तर काय होणार ते मला ठाऊक आहे. ते झालंच असं समज."

विनयरावांनी लॅपटॉप आणून असली ऑपरेशनं किती सुरक्षित असतात ते दाखवलं. अर्चनाने आधी समजावलं, मग आवाज चढवला आणि मग टॉवेल काढायच्या निमित्ताने माझ्यासमोर येऊन रडली. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. पत्र्याच्या जन्माची ही एक मोठीच अडचण आहे. मुरलीधररावांना तरी कसं सांगता येणार? उभा जन्म ते दुसऱ्यांच्या शकुन-अपशकुनांची थट्टा करत आले होते. आता नातीला काय सांगायचं, की तू मला मेलेला सोडून गेलीस? आणि खरं सांगू का, नुसती रीत मोडली म्हणून ते एवढे खचले नव्हते. सगळे जेवायला गेले आणि आपण पडलो आहोत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, हे त्यांना लागलं होतं. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहू लागले.

ऑपरेशनला दोनच दिवस उरले असताना तनू कॉलेजातून आली ती तडक त्यांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"ताता, हे बघा. सिया कॅमेरा बंद करायला विसरली. आम्ही गेल्यावर तुम्ही डोळे उघडला आणि कॅमेराकडे बघत राहिला. खूप वेळ. तुम्ही कशाचा वाट बघत होता?"

"काही नाही गं. असंच."

"नाही ताता. असंच नाही. तुमचा फेस बघा ना."

मग काय झालं कोण जाणे, त्यांनी सांगून टाकलं. हळूहळू, अडखळत, मधेच तमिळमध्ये जात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तनू हसणार.

"सॉरी, ताता," ती म्हणाली. "मला नव्हता माहीत. आय जस्ट लेफ्ट यू देअर."

"तुला कसं ठाऊक असणार, कण्णा? जाऊ दे. तो शॉट आता संपला."

"एडिट मी करते आहे ना? मग मी सांगेन कधी संपला ते."

तिने सियाला फोन करून कॅमेरा घेऊन बोलावलं आणि मला कपाटातून काढलं. हसू त्याच मेकअपमध्ये घ्यायला हवं ना! तो तिने स्वतः केला. मित्रांनो, इतका वाईट मेकअप माझ्या आरशाने कधी पाहिला नव्हता. ओठ निळे करता करता हनुवटीही निळी झाली. मुरलीधरराव मात्र डोळे मिटून, गाल पुढे करून, शहाण्यासारखे बसून होते. नंतर मला बरोबर घेऊन ते खाली आले, सोफ्यावर पडले आणि गेले.

तनू कॅमेऱ्यामागे उभी राहिली. "ताता, उठा," ती म्हणाली. "हसा."

त्यांनी डोळे उघडले, कॅमेऱ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि ढसाढसा रडू लागले. सियाला काय करावं कळेना. तनूचेही डोळे भरले, पण ती जागची हलली नाही.

"ताता, हे राँग एक्स्प्रेशन आहे," ती म्हणाली. "रिटेक."

रिटेक! मेल्यावर मुरलीधररावांना रिटेक द्यायला लावणारा दिग्दर्शक मद्रासमध्ये जन्मला नव्हता. ते तसेच पडल्या पडल्या हसायला लागले. पोट धरून, निळी हनुवटी हलवत, खोकला येईपर्यंत हसले. दारात उभी असलेली अर्चनाही हसत होती आणि पदर नसल्यामुळे स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होती.

"हॉस्पिटलला कळवलं नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, अप्पा. हिंमतच झाली नाही."

"बरं झालं."

ऑपरेशनच्या दिवशी घर सुनंसुनं होतं. मी एकटीच कपाटात. संध्याकाळी अर्चना आली, कपाट उघडलं आणि टॉवेल काढता काढता फोनवर कुणाला तरी सगळं सांगू लागली. ऑपरेशन ठीक झालं होतं. पण अप्पा शुद्धीवर येईनात. नर्स कितीदा तरी "मिस्टर राव, मिस्टर राव" म्हणाली. नाडी चांगली, श्वास चांगला, तरी डोळे उघडेनात. विनयरावांनी हात चोळले, अर्चनाने हाका मारल्या. मग तनू पुढे झाली, कानाशी वाकली आणि म्हणाली, "ताता, उठा. हसा." आणि अप्पांनी डोळे उघडले. हसले. ते मघापासून जागेच होते, असं नर्सचं ठाम मत पडलं.

तनूने तिच्या फिल्ममधून ते हसू कापलं नाही. आणि मला आता मुरलीधररावांच्या खिडकीत ठेवलं आहे. कुणीतरी माझा आरसा पुसला, कडीला तेल दिलं, बरं वाटलं. पण मित्रांनो, माझं मागणं माझ्यासाठी नाही. मी पत्र्याची आहे, पडून राहिले तर फार तर गंजेन. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस डोळे मिटून पडलेलं दिसलं, तर झोपलं असेल म्हणून ताटावर जाऊन बसू नका. आधी त्याला हाक मारा. स्वतःला स्वतः हाक मारून उठवता येत नाही, तेवढं एक काम दुसऱ्यालाच करावं लागतं.