परसामागचं पोलादी कुंपण

इंग्लंडमधल्या डर्बीच्या एका गल्लीत रेल्वेने परसांमागे आठ फूट उंच पोलादी कुंपण घातलं आणि हिल्डाच्या घेवड्याच्या वेलांवर भर दुपारीच सावली उतरू लागली. शेजारचा क्लाइव तक्रारअर्ज घेऊन दारात आला.

"तुरुंगात कोंडल्यासारखं वाटतंय गं! कुणा शहाण्याने मागितलं होतं हे?"

हिल्डाने अर्ज हातात घेतला. तीन वर्षांपूर्वी जुन्या तारेच्या कुंपणातल्या भोकातून तिची कुत्री टॅफी रुळांवर गेली, ती परत आलीच नाही. तेव्हा पत्रामागून पत्र लिहून हे कुंपण तिनेच मागितलं होतं. उत्तर एकाही पत्राचं आलं नाही. आलं ते थेट कुंपणच.

"कर की सही. चहा राहू दे आज, अजून अकरा घरं फिरायचीत."

तिने सही केली. तो गेल्यावर ती परसात जाऊन गुडघ्यांवर बसली आणि कुंपणाच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत सरकत गेली. फट कुठेच नव्हती. टॅफीचा पंजासुद्धा शिरला नसता.

रडू आलं नाही. त्याच गार पोलादाला धरून ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.