नागपुरात आलेली बोटीची टाकी

मी एक जुनी टाकी आहे. कशाची, ते आधीच सांगून टाकते मित्रांनो, मग हवी तर नाकं मुरडा. एका मोठ्या आलिशान बोटीच्या संडासांची! वर पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर पाहुणे लोळायचे, आणि खाली इंजिनाशेजारच्या खोलीत मी त्यांचं सगळं निमूट पोटात घ्यायचे.

काम सोपं होतं. घाण दळायची, तिच्यावर क्लोरीन ओतायचं आणि ढकलायची समुद्रात. पुढे तिचं काय होतं, मासे काय म्हणतात, याचं मला भारी कुतूहल. पण टाकीला कोण विचारतो? मग नियम कडक झाले. बाहेर सोडायचं पाणी किती स्वच्छ हवं, त्यात जंतू किती चालतील, सगळं ठरलं. तपासणीत मी साफ नापास झाले. मला उपटून काढलं आणि भंगाराच्या ट्रकमधून फिरत फिरत मी नागपूरला, लकडगंजच्या एका गोदामात येऊन पडले. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथे पायल आली. ती घाण पाणी स्वच्छ करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर. तिनं मला टकटक वाजवून पाहिलं, आत टॉर्च मारला आणि थेट कारखान्यात नेलं. मालक ओमप्रकाशजींनी कपाळावर हात मारला.

"हे भंगार काहून आणलं वं? नागपुरात समुद्र कुठं हाय?"

"समुद्र नाही सर, संडास तर आहे ना!" पायल म्हणाली. "बोटीत नव्या मोठ्या टाकीले जागा नसते. जुनीच सुधरवता आली तर कितीक बोटींचं काम होईल. एकदा करून पाहू द्या मले."

"एकच मौका. पाणी पास नाही झालं, तर हिले कापायची."

कापायची! माझा पत्राच थरथरला.

पायलनं माझ्या पोटात कप्पे केले, हवेचा पंप बसवला आणि घाण खाणारे जिवाणू सोडले. मग कारखान्याचाच संडास मला जोडला. काय सांगू! तीन आठवड्यांत माझ्यातून नितळ पाणी पडू लागलं. मी स्वतःच आश्चर्यानं बघत राहिले. हे माझ्या पोटातून?

मग पायलनं एका बोट कंपनीला कळवलं. तिथला साहेब तपासणीसाठी पाण्याचा नमुना न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी माझं पोट बिघडलं. जिवाणू पटापट मेले. पाणी गढूळ, आणि वास असा की वॉचमननं खुर्ची उचलून फाटकाबाहेर नेली. पायलनं पंप तपासला, नळ्या तपासल्या, काही सापडेना. शेवटी ती माझ्याशेजारी बसून रडली.

तेवढ्यात सफाईचं काम करणाऱ्या शोभाताई आल्या. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.

"पोरी, तुह्या टाकीले म्याच मारलं वाटते वं. साहेब येणार म्हणून फिनाइल अन् अ‍ॅसिड ओतून संडास घासला. तुह्या नावाले बट्टा नको म्हटलं. आत जीव राहतात, हे मले काय मालूम?"

पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे फिनाइलची बाटली निघतेच! पायल डोळे पुसत म्हणाली, "चूक माही आहे ताई. मी सगळ्याइले समजावून सांगितलं, फक्त तुमालेच नाही."

तिनं साहेबाला फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. पलीकडे साहेब हसतच सुटला. "अहो, बोटीवर तर रोज हेच ओततात! बरं झालं आत्ताच कळलं." त्यानं महिनाभराची मुदत दिली. ओमप्रकाशजी कुरकुरले, पण कटर गुंडाळून ठेवला.

पायलनं नवे जिवाणू सोडले. महिनाभर शोभाताई संडासाच्या दाराशी पोलिसासारख्या उभ्या. "ए गा, बाटली इकडं दे. आत लेकरं हायेत!" नमुन्याची बाटलीही पायलनं त्यांच्याच हातानं भरून घेतली. आठवड्यानं तपासणीचा कागद आला. मी पास झाले! ओमप्रकाशजींनी स्वतः पेढे वाटले.

आता मी पुन्हा समुद्रावर आहे. बोटीवरच्या नव्या सफाईवाल्याला मला पहिल्याच दिवशी उघडून दाखवलं गेलं, कारण तशी अट पायलनं कागदावर लिहून घेतली होती. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन यंत्रं बनवाल, कडक नियम पाळाल. पण यंत्र सुरू करण्याआधी झाडू ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा, आणि सगळ्यांत आधी त्याला समजावून सांगा.