हिरव्या टिकलीचं बटण

धुळ्यात आग्रा रोडवर सायकलच्या दुकानावरच्या माडीत पंडितने कॉम्प्युटर सेंटर काढलं, तेव्हा कमलबाईला घरी बसून दोन वर्षं झाली होती. त्याआधी एकोणीस वर्षं ती छापखान्यात वाचणारी बाई होती. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेले उखर्डूआबा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, मतदारयाद्या, दवाखान्याची पत्रकं, काहीही असो. कसलंही गिचमिड अक्षर असलं तरी कमलबाईला ते छापल्यासारखं दिसायचं. मग छापखाना बंद पडला आणि तिच्या वाट्याला दुपारची झोप आली. ती तिला कधीच मानवली नाही.

म्हणून नव्याण्णव सालच्या श्रावणात पंडित स्वतः घरी आला आणि म्हणाला, "अक्का, तुमचे डोळे पाहिजेत," तेव्हा तिने चहासुद्धा न विचारता चपला घातल्या.

मुंबईच्या एका कंपनीला जामनेर भागातल्या केळीवाल्या शेतकऱ्यांची नावनिशी इंटरनेटवर टाकायची होती. मूळ नोंदी होत्या चाळीस गावांच्या चाळीस वह्यांत, कुण्या कारकुनाच्या हातच्या, आणि त्या कारकुनाचं अक्षर पंडितच्या बापालाही लागलं नसतं. कमलबाईने वाचायचं आणि बेबाने इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, असं ठरलं. बेबा जामनेरचीच, तेवीस वर्षांची. तिची बोटं हरणासारखी पळायची, पण वहीतली एक ओळ तिला धड लागायची नाही.

"याला एक्सएमएल म्हणतात, अक्का," पंडितने पहिल्या दिवशी समजावलं. "प्रत्येक गोष्टीच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. डबा उघडायचा, आत वस्तू ठेवायची, झाकण लावायचं. आधी नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव, मग गाव. फाइल फोनच्या तारेतून मुंबईला गेली की तिथे एक प्रोग्रॅम बसलाय तपासायला. एक डबा कमी दिसला तरी अख्खी फाइल परत."

"म्हणजे आमच्या सासूबाईच," कमलबाई म्हणाली. "भरल्या ताटात मीठ नाही म्हणून ताट परत."

बेबा इतकी हसली की तिने एका शेतकऱ्याचं आडनाव दोनदा टाइप केलं.

पहिल्या आठवड्यात चाळीस फाइली गेल्या आणि एकतीस परत आल्या. पंडित म्हणाला, फोनची लाइन खराब आहे. दुसऱ्यांदा पाठवल्या, पुन्हा एकतीस परत. त्याने मोडेम बदललं. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मुंबईचा माणूस फोनवर आला. त्याचा आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या खुर्चीवरच्या कमलबाईला सगळं ऐकू आलं.

"शनिवारी पाचपर्यंत सगळ्या फाइली पास झाल्या पाहिजेत. नाहीतर काम नाशिकला देतो. आणि ती वाचणारी बाई आधी बदला. तिला दिसत नसेल."

पंडितने फोन ठेवला. कमलबाईने चष्मा काढून पदराने पुसला. एकोणीस वर्षांत तिच्या वाचनात चूक निघाली नव्हती. रात्री तिने नवऱ्याला वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचून दाखवल्या, एका दमात. तो म्हणाला, "तुना डोया मनापेक्षा बेस शेत." तरी तिला झोप लागली नाही. डोळे बरे आहेत, मग चुकतंय कुठे? आणि शनिवारी पाचनंतर पुन्हा ती दुपारची झोप.

शनिवारी सकाळी पंडितने मुंबईहून आलेला चुकांचा कागद घेतला आणि ओळीने शोधायला बसला.

"ओळ चौदा. नावाचा डबाच नाही, एकदम बापाचं नाव. बेबा, नाव का नाही टाकलं?"

"अक्कांनी सांगितलंच नाही."

"अक्का, वही बघा बरं. चौदावा माणूस कोण?"

कमलबाईने वही पाहिली. मग पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक केलं.

"वाजवता काय? वाचा ना."

कमलबाईने पदर सावरला आणि पुन्हा दोनदा टकटक केलं.

"हेच!" बेबा ओरडली. "अक्का अधूनमधून असंच करतात! कधी दोनदा, कधी तीनदा, कधी एकदाच."

"मग तू काय करतेस?"

"मी पुढचं घेते. मले वाटलं, त्या म्हणू राह्यल्या, चल पुढे. आमच्या शाळेत गुरुजी असंच पट्टी वाजवायचे, की धडा संपला, पान उलटा."

कमलबाई जागच्या जागी गार झाली. छापखान्यात कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. दोन टकटक म्हणजे नवरा, तीन म्हणजे सासरा, एक म्हणजे जेठ, थोरले दीर. उखर्डूआबांच्या सुनाही त्यांच्या घरी तसंच करायच्या, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं आणि त्यांचा हात आपोआप त्या खिळ्यांकडे जायचा. एवढ्या वर्षांत कमलबाई हे विसरूनच गेली होती की आपण टकटक करतो. तिच्या कानात ती नावंच वाजायची.

तिने कागद ओढला आणि लिहिलं: दोन, निंबा. तीन, तोताराम. एक, वना.

पंडितने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "निंबानाना! अहो अक्का, अर्धा खानदेश निंबा, तोताराम आणि वना आहे!"

"मग मी काय करू? माझ्या सासूने ठेवलीत ती नावं?"

मोजदाद झाली. दोनशे सदतीस जागा रिकाम्या होत्या. घड्याळात साडेअकरा.

"घ्या की एकदा नाव," पंडित काकुळतीला आला. "इथे कोण ऐकतंय? मी आणि बेबा खाली जाऊन उभे राहतो."

"आणि टाइप कोण करेल, सायकलवाला?" कमलबाई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पंडितभाऊ, गेल्या साली त्यांच्या छातीत दुखलं होतं. चार दिवस सिव्हिलला होते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, तोंडातून नाव काढलं नाही. आता दोनशे वेळा नाही काढायची."

पंडितने श्वास सोडला. "मग माझ्या मेहुणीला बोलावतो वाचायला. वाईट वाटून घेऊ नका अक्का, पण पाच वाजता काम जाईल."

"तुझ्या मेहुणीला ही वही लागेल?"

पंडितने वही उघडून मिटली. वही त्याच्या मेहुणीला लागली नसती, हे त्यालाही ठाऊक होतं.

कमलबाई बेबाच्या हातांकडे बघत होती. इतके दिवस तिने ते हात पाहिले होते. गावाची पाळी आली की बेबा अक्षरं टाइप करायची नाही. वरच्या ओळीतलं एक बटण दाबायची आणि अख्खं 'जामनेर' पडद्यावर उमटायचं.

"बेबा, त्या बटणावर गाव बसतं ना?"

"हो, पंडितभाऊंनी बसवून दिलंय."

"गाव बसतं, तर माणूस का नाही बसणार?"

पंडितने तिच्याकडे पाहिलं, मग बटणांकडे. "बसेल की."

"मग ही तीन नावं तीन बटणांवर बसवून दे. वही मी बघते, बटण मी दाबते. तोंड बंद, हात मोकळा."

पाच मिनिटांत तीन बटणं तयार झाली. पण कुठलं कुणाचं, हे कमलबाईला दिसेना, सगळी सारखीच. बेबाने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. "हिरवी कुणाची?"

"अगं, हिरवी त्यांचीच," कमलबाई म्हणाली आणि या वयात लाजली.

लाल टिकली सासऱ्यांची झाली, काळी जेठांची. मग दोघी एकाच कॉम्प्युटरसमोर खुर्च्या चिकटवून बसल्या. बेबा ओळ शोधायची, डबा उघडायची, म्हणायची, "घ्या अक्का." कमलबाई वहीत बघायची, हिरवी दाबायची. बेबा झाकण लावायची. पहिल्यांदा कमलबाईने बोट चुलीवरच्या तव्याला लावावं तसं बटणाला लावलं आणि मागे घेतलं. वीस-पंचवीस नावांनंतर मात्र ती बटणांकडे न बघता दाबू लागली.

"अक्का, एवढ्या वेळा तर नानांना तुम्ही हाकही मारली नसेल."

"हाक कशाला मारायची? कुकरची शिट्टी झाली की येतात."

जेवण बटणं दाबतच झालं, एका हातात भाकरीचा तुकडा धरून. पंडित मागे येरझाऱ्या घालत होता. चार वाजता त्याने स्वतः खाली जाऊन चहा आणला.

पावणेपाचला फाइली निघाल्या. मोडेमने आपलं किंचाळणं संपवलं आणि पडद्यावर एकेका गावापुढे बरोबरची खूण उमटू लागली. पहूर, पास. नेरी, पास. शेंदुर्णी, पास. तिघंही उभी राहिली. एकोणतीस, तीस, आणि एकतिसाव्या फाइलपुढे लाल फुली.

"गेलं," पंडित म्हणाला.

कमलबाईने चष्मा नीट केला. "ओळ सांग."

"दोनशे सहा."

तिने वहीत बोट फिरवलं. "दोनशे सहाला काळी टिकली. ती मी दाबली, मला आठवतंय. पडद्यावर बघ."

बेबाने बघितलं आणि जीभ चावली. नाव होतं, पण झाकण नव्हतं. ते लावायची पाळी तिची होती.

"चहा घेत होते मी तेव्हा," ती कसनुशी हसत म्हणाली.

चार छप्पन्नला फाइल पुन्हा गेली. फुली जाऊन बरोबरची खूण आली. पंडित खुर्चीत असा बसला की खुर्ची दोन हात मागे गेली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. निंबानाना बायकोला न्यायला आले होते. पडद्यावर शेवटची फाइल उघडीच होती. त्यांनी तिच्यातली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली, डोळे बारीक केले. इंग्रजी अक्षरं त्यांना एसटी डेपोतल्या गाड्यांच्या नंबरपाट्यांमुळे येत होती.

"हाई काय शे? बठ्ठीकडे मीच शे का?"

"एकला तुम्हीच नही," कमलबाई म्हणाली, "तुमना वडील बी शेत."

नाना हसले. मग त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला, उगाच, आणि म्हणाले, "काही व्हयनं नही. चाल घर."

सोमवारी पंडितने नव्या वह्यांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. मुंबईहून पुढचं काम आलं होतं आणि सोबत निरोप होता, वाचणारी बाई तीच ठेवा. या वेळी याद्या बायकांच्या गटांच्या होत्या. कमलबाईने पहिली वही उघडली. तिसरी ओळ, सातवी, बारावी. तिने वही मिटली, चष्म्यावरून बेबाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"टिकल्यांचं पाकीट काढ. चौथं बटण लागणार. आमच्या सासूबाई आल्या."