माळ गाडग्याची, मिरवली काठवटीनं

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. अखंड लाकूड पोखरून मला केलेलं असतं. रुंद, खोलगट, होडीच्या पोटासारखी. माझ्यात ज्वारीचं पीठ मळतात आणि भाकरी थापतात. थापत असत, असं म्हणणं जास्त खरं.

माझा जन्म घाटंजीचा. कय्युम नावाचा तरणाताठा सुतार होता. सेवादास नावाचा एक बंजारा तांड्यावरचा माणूस त्याच्याकडे बिवळ्याचं खोड घेऊन आला आणि म्हणाला, "लग्न झालं माझं. घरची म्हणते, परातीत भाकर थापाले मजा नाई." कय्युमने आठ दिवस मला वाकसाने तासलं. शेवटी काचेच्या तुकड्याने घासून मला गुळगुळीत केलं आणि बजावलं, "इले पाण्यात बुडवाचं नाई. खरवडाचं अन् कोरड्या फडक्यानं पुसाचं. तुमच्या नातवायच्या हाती जाईन."

त्या घरचीचं नाव सुखीबाई. तिने कय्युमचा शब्द पाळला. चाळीस वर्षांत मी एकदाही हौदात पडले नाही.

तिच्या हाताखालचे माझे दिवस फार चांगले होते. पहाटे ती मांडी घालून बसायची, मला गुडघ्याला टेकवायची आणि थापटीचा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजाने अर्धा तांडा जागा व्हायचा. माझ्यात जे पीठ यायचं ते एकाच ज्वारीचं. ती ज्वारी सुखीबाईने माहेरून आणली होती, लग्नात ओटीत बांधून. तिचं कणीस पिकलं की मान खाली घालायचं, त्यामुळे पाखरांना त्याच्यावर नीट बसता यायचं नाही. तांड्यात तिला लाजरी म्हणत.

सुखीबाईचा मुलगा भारत लहान असताना माझ्यात बसून उतारावरून घसरला. तेव्हा मला वीतभर भेग गेली. कय्युमने तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकून दिली. पट्टीखाली थोडी फट राहिली, ती कायमची. एवढा एक डाग सोडला तर मी धडधाकट होते.

मग दिवस पालटले. सेवादास गेला. भारतची बायको पुष्पा घरात आली, गॅस आला, स्टीलची परात आली. लाजरीला रानडुकरं लागू लागली. तांड्यातल्या एकेकाने तिचं पेरणं सोडलं आणि कापूस धरला. मला ओट्यामागच्या भिंतीला खुंटीवर टांगलं. माझ्या खाली धान्याची चार गाडगी ओळीने मांडलेली असत.

त्यातल्या एका गाडग्याच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळी गाडगी सारखीच दिसायची. राख घातलेली, कडुलिंबाचा पाला पसरलेला, तोंडं शेणामातीने लिंपलेली. पण ज्याच्या गळ्यात कवडी, ते बियाण्याचं. त्याला उपासमार झाली तरी हात लावायचा नाही. सुखीबाईच्या आईनेही असंच केलं होतं आणि आजीनेही. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणाऱ्या त्या बायकांना अक्षर येत नव्हतं. त्यांना जे लिहायचं होतं ते त्यांनी कवडीने लिहिलं.

त्या गाडग्यात दोन किलो लाजरी उरली होती. साऱ्या तांड्यात तेवढीच. दोन वर्षं भारतने तिला शेतात जागा दिली नव्हती.

"दाणा तिसऱ्या वर्सापुढं जीव धरत नाई रे, भारत," सुखीबाई रोज म्हणायची. "एका दाण्याचं एक कणीस, एका कणसाचे हजार दाणे. पण दाणा जिता पाह्यजे."

"याडी," तो आईला म्हणायचा, "डुकरायसाठी पेरू काय?"

"मी बसतो न राखाले! मले दुसरं काय काम आहे? तुह्या टीव्हीपुढं बसण्यापेक्षा डुकरं हाकलणं बरं."

शेवटी या वर्षी भारत कबूल झाला. नाल्याकडचा अर्धा एकर तुझा, म्हणाला. त्या दिवशी सुखीबाईने मला खुंटीवरून काढलं, तेल लावून पुसलं आणि परत टांगताना माझ्या कानाशी म्हणाली, "दिवाळीनंतर तुह्यात पीठ पडते, पाह्य." मी त्या दिवाळीची वाट पाहू लागले.

वैशाखात ती केळापूरला गेली. लेक लालीबाईकडे लग्न होतं. चार दिवसांचा बेत.

ती गेली त्याच संध्याकाळी नात उज्ज्वला घरी आली. ती यवतमाळला कॉलेजात शिकते. घाटंजीला भरडधान्याच्या पाककृतींची स्पर्धा होती आणि तिने नाव दिलं होतं. सगळ्या बाया भाकरी, लाडू, धपाटे करतील. आपण वेगळं करायचं, असं तिच्या मनात होतं.

"मेडिटेरेनियन सॅलड करतो, मम्मी. ज्वारीचं."

"कोन्त्या गावचं ते?"

"गावचं नाई वं. समुद्र आहे एक, त्याच्या काठचे लोक खातात."

"मंग त्यायले समुद्र आहे, ते खातीन. आपल्याले नाला आहे." पुष्पा हसली. पण लेकीचं कौतुकही होतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाने मला खुंटीवरून उतरवलं. "ह्याच्यातच मांडाचं. पारंपरिक दिसते." चार वर्षांनी माझ्या नशिबी काम आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग तिची नजर माळेच्या गाडग्याकडे गेली. कवडीचा अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता. तिने माळ हातात घेतली, कवड्या बोटांनी चोळल्या आणि विळ्याने दोरा कापला. "हे तर एकदम भारी दिसन!" लाल कापडाच्या पट्टीवर तिने त्या कवड्या एकेक शिवल्या, माझ्या कडेला बांधण्यासाठी. पुष्पा तेव्हा शेतात होती. शिवून झाल्यावर पट्टी घडी घालून पिशवीत गेली.

मी सगळं पाहत होते. ओरडायला मला तोंड नाही. आहे ते नुसतं उघडं पडून राहणारं.

त्याच संध्याकाळी पुष्पा ज्वारी काढायला गाडग्यांपाशी आली. पन्नास जणांना वाटायचं होतं म्हणून बरीच लागणार होती. पहिलं गाडगं रिकामं निघालं, दुसऱ्यात तूर, तिसऱ्यातल्या ज्वारीला सोंडे लागलेले. चौथ्याजवळ येऊन ती थांबली. गळा चाचपून पाहिला. मी म्हटलं, आता हिला आठवेल.

आठवलंच तिला. तेच तर वाईट झालं.

"कवडी तर नाई याले," ती स्वतःशीच बोलली. "म्हंजे खायची होय. बियाणं याडीनं लालीबाईकडं नेलं असन दाखवाले."

तिने लिंपण फोडलं. सवयीने मलाच पुढ्यात ओढलं, माझ्यात ज्वारी ओतली, राख पाखडली, पाला वेचला, दाणे निवडले. निवडताना काही दाणे घरंगळत पत्र्याच्या पट्टीखाली गेले. बाकीचे सगळे रात्रभर पातेल्यात भिजत पडले आणि सकाळी कुकरमध्ये गेले. पाच शिट्ट्या. मी मोजल्या.

पदार्थ मात्र पोरीने मन लावून केला, हे सांगितलं पाहिजे. शिजलेली ज्वारी तिने चाळणीत निथळवली, पांढऱ्या लुगड्यावर पसरून पंख्याखाली गार केली, दाणा दाणा मोकळा झाला. काकडी, टमाटे, कांदा बारीक चिरला. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पुदिना हाताने तोडला, सुरीने चिरला तर काळा पडतो म्हणाली. काबुली चणे उकडले. पनीर मिठाच्या पाण्यात मुरवून कुस्करलं. नागपूरहून मैत्रिणीने ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणि काळ्या बोरांसारखी फळं पाठवली होती. पुष्पाने त्यातलं एक तोंडात टाकलं आणि लगेच अंगणात जाऊन थुंकलं.

"लिंबोळी बरी याच्यापेक्षा!"

"मम्मी, हे चवीनं खातात."

"कोन? ज्यायले आंबा भेटत नाई ते?"

लिंबू, तेल, मीठ, मिरपूड एका शिशीत घालून उज्ज्वलाने ती खळखळ हलवली आणि दाण्यांवर ओतली. सभागृहात पोचल्यावर माझ्यात आधी पळसाची पानं अंथरली आणि त्यांच्यावर सॅलड रचलं. माझ्या अंगाला ओल लागली नाही. कडेला कवड्यांची पट्टी. लोक माझे फोटो काढू लागले. आयुष्यात माझी इतकी स्तुती कधी झाली नव्हती, आणि मला ती काट्यासारखी टोचत होती.

परीक्षक बाईंनी चमचाभर खाल्लं, डोळे मिटले. "दाण्याला काय गोडी आहे! ही ज्वारी कोणती?"

"आमच्या घरची. गावरान," उज्ज्वला म्हणाली.

"अशी जुनी वाणं जपली पाहिजेत हो," बाई बोलल्या आणि त्यांनी अजून एक चमचा घेतला.

पहिलं बक्षीस मिळालं. पाच लिटरचा कुकर.

सुखीबाई परतली तेव्हा मी ओट्यावर होते. कवड्या अजून माझ्या कडेला; पुष्पाला त्या बाजारच्या वाटल्या होत्या. तिने मला पाहिलं, आधी हसली, मग जवळ आली.

"ह्या कवड्या कुठच्या वं, उज्ज्वला?"

"त्या गाडग्याच्या, दादी. छान दिसून राह्यल्या ना? पहिला नंबर आला आपला!"

सुखीबाई गाडग्याकडे वळली नाही. उभ्या उभ्याच तिने विचारलं, "अन् आतली?"

पुष्पाच्या हातातलं लाटणं थांबलं. "याडी... कवडी नवती त्याले. मी हात लावून पाह्यलं. कवडी नवती."

फ्रिजमध्ये वाटीभर सॅलड उरलं होतं. सुखीबाईने ते मागितलं. चिमूटभर तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली.

"लाजरीच होय," ती म्हणाली. "दोन वर्सांनी तोंडात आली."

मग ती उकिरड्यावर गेली, जिथे पुष्पाने राख टाकली होती. चाळणी घेऊन दुपारभर राख चाळली. चार-दोन दाणे होते ते कोंबड्यांनी कधीच टिपले होते. उज्ज्वला रडत मागे उभी होती. "दादी, दुकानातून आणू ना आपण. पाह्यजे तितकी भेटते."

"भेटते न," सुखीबाई म्हणाली. "माय मेली तरी बाजारात बाया भेटतातच."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती चाळणी धुऊन जागेवर टांगली. नाल्याकडच्या अर्ध्या एकरात भारतने कापूस टोबायचं ठरवलं. त्याचंही चुकलं नाही. रान रिकामं कशाला ठेवायचं?

उज्ज्वलाच्या जिवाला मात्र चैन पडेना. दादीसाठी काहीतरी करावं म्हणून तिने मला घाटंजीला नेलं, कय्युमच्या दुकानात. आता दुकान त्याचा मुलगा फैज चालवतो. कय्युम दाराशी खुर्चीवर बसलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. त्याने मला मांडीवर घेतलं आणि हात फिरवताच ओळखलं.

"सेवादासची काठवट! काहून आणली, बेटा?"

"वार्निश माराची, चाचा. भिंतीवर लावतो. दादीची आठवण म्हणून जपून ठेवाची आहे."

"भाकरीच्या काठवटीले वार्निश? मंग इच्यात कोणी भाकर नाई थापू शकणार."

"थापते कोण आता, चाचा?"

कय्युमचा अंगठा पत्र्याच्या पट्टीवर थांबला. त्याने मला कानाशी धरून हलवलं. "फैज, अंदर काही आहे रे. वाजते."

मित्रांनो, माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी कुठल्या देवाला इतकं विनवलं नव्हतं. काढ, म्हटलं. पट्टी उचकट.

"कचरा असन, अब्बा," फैज म्हणाला. दुकानात दोन दरवाजे आणि एक पलंग वाट पाहत होता. त्याने पट्टी न काढताच वरून भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासलं आणि वार्निशचे दोन हात मारले. मी आरशासारखी चमकू लागले.

घरी मला दर्शनी भिंतीवर लावलं आहे, कवड्यांसकट. येणारे जाणारे वाहवा करतात. पहिल्या दिवशी सुखीबाईने माझ्यावर हात फिरवला. तिचं बोट नेहमीच्या जागी गेलं आणि घसरलं.

"इची भेग कोठी गेली वं?"

"बुजवली, दादी! आता दिसत बी नाई."

"चांगलं केलं," ती म्हणाली आणि माझ्याखाली पाय पसरून बसली. रोज तिथेच बसते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला चमक द्यायच्या आधी तिच्या भेगेत बोट घालून पाहा. आणि कोणाची गाठ सोडायची असेल, तर ती बांधणारं माणूस घरी येईपर्यंत थांबा. चार दिवसांत काही बिघडत नाही. न थांबल्याने किती बिघडतं, ते मी माझ्या पोटात घेऊन लटकते आहे.

पट्टीखाली लाजरीचे सात दाणे आहेत, कोरडे, बहुधा अजून जिते. यंदाची पेरणी गेली. सुखीबाईचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, आणि पुढच्या वर्षी दाण्याचं तिसरं वर्ष उलटलेलं असेल.