चुकवला

क्षयरोग दिनाच्या सकाळी आरोग्य केंद्रात सगळं होतं. फुगे, खुर्च्या, माईक, पाहुण्यांसाठी फुलं. नव्हत्या फक्त क्षयरोगाच्या गोळ्या.

नर्सताईंनी औषधांचं कपाट तिसऱ्यांदा उघडून पाहिलं. बघत राहिल्याने गोळ्या येत नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण आशा वेडी असते. कुठल्याशा दूरच्या देशाने मदतीचा हात आखडता घेतल्याची बातमी महिन्यापूर्वी टीव्हीवर येऊन गेली, तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. ती बातमी आपल्या कपाटापर्यंत चालत येईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आठवडाभर अकरा केंद्रांना फोन करून झाले. सगळीकडे तीच रड.

गोळ्या घ्यायला पहिला आला तो त्यांचा धाकटा भाऊ, पाट्या रंगवणारा. साडेचार महिने त्याने रोज ताईसमोर उभं राहून गोळ्या गिळल्या होत्या. अजून सहा आठवडे, की सुटला. मध्येच खंड पडला तर जंतू शहाणा होतो आणि साध्या औषधाला जुमानत नाही. त्यांचे वडील असेच गेले होते. बाहेरचा फलकही भावानेच रंगवला होता, 'एकही डोस चुकवू नका'. आज आदर्श रुग्ण म्हणून त्याचा सत्कार होता.

"दे लवकर, स्टेजवर बसायचंय मला," ग्लासात पाणी ओतत तो म्हणाला.

"संपल्या रे."

"चेष्टा करतेस?"

"नाही."

"उद्या?"

"माहीत नाही."

त्याने भरलेल्या ग्लासाकडे पाहिलं आणि नुसतं पाणी पिऊन टाकलं.

तेवढ्यात साहेब आले. "अकराच्या आत आजची नोंद बंद करा. नोंद अर्धवट राहिली की जिल्ह्याच्या यादीत केंद्र लाल दिसतं, निदान आज तरी तसं दिसायला नको."

संगणकावर प्रत्येक नावापुढे दोनच पर्याय होते, 'घेतला' आणि 'चुकवला'.

"आपणच दिला नाही, हे कुठे लिहू, साहेब?"

"खोटं लिहू नका. घेतला नाही ना? मग चुकवला."

ताईंना भयंकर संताप आला. बस चुकते, त्यात माणसाचा काय दोष? आणि काम चुकवतो तो कामचुकार. एवढा साधा फरक त्या यंत्राला कळत नव्हता आणि साहेबांना कळून घ्यायचा नव्हता. अकराला दोन मिनिटं असताना त्यांनी अठरा जणांपुढे 'चुकवला' दाबलं. भावाचं नाव शेवटी घेतलं. त्या वेळी आपणच त्याला ढकलून दिल्यासारखं त्यांना वाटलं.

"या माणसाने एकही डोस चुकवलेला नाही," स्टेजवर साहेब सांगत होते. त्यांनी भावाच्या हातात फुलं दिली आणि दोन शब्द बोलायला माईकही दिला. तेवढ्यात त्याच्या खिशातल्या फोनवर संदेश वाजला. त्याने वाचलं, मग माईकमध्येच पुन्हा सावकाश वाचलं.

"आपण आज डोस चुकवला आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे आपल्या कुटुंबाला धोका आहे."

लोक हसले. त्याने गर्दीत बहिणीला शोधलं.

"ताई, मी आलो होतो ना गं?"

ताई खुर्चीवरून उठल्या. "आला होता," त्या ओरडून सांगू लागल्या, "गोळ्याच नाहीत, आम्हीच दिल्या नाहीत."

लोकांना वाटलं पथनाट्य सुरू झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.