पाचवी खाच

पाचवी खाच दिसली तेव्हा माझ्या हातात झाडू होता. माझी बायको कौशल्या गेली, तिच्या तेरवीनंतर मी पहिल्यांदाच कोंडवाडा उघडला होता. दगडाखाली पांढरी पूड पडलेली दिसली. आधी वाटलं, उंदरानं भिंत उकरली. मग वर पाहिलं.

हा दगड आमच्या गोड्या विहिरीच्या काठाचा. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. कुठंही खणा, पाणी खारटच लागतं. गोड पाणी या एकाच विहिरीला होतं. दोर घासून घासून काठाच्या काळ्या दगडाला चार खाचा पडल्या होत्या. बोट घातलं तर पेरभर आत जायचं, आणि आतून गुळगुळीत. आता त्यांच्या शेजारी पाचवी होती. सरळ, धारदार कडांची, पांढरी. मशिनीनं कापलेली.

कौशल्याची पत्र्याची पाटीही जागेवर नव्हती. तिथं फ्लेक्स लागला होता: 'एक गाव, एक पाणी.'

मी एसटीत कंडक्टर होतो. माझं आयुष्य अचलपूरच्या गाड्यांवर गेलं. गावाचं संग्रहालय हे माझ्या बायकोचं काम. नळ आले आणि विहीर बुजवायला ट्रॅक्टर लागले, तेव्हा ती काठावर जाऊन बसली आणि हा दगड निघेपर्यंत उठली नाही. मोकाट गुरं कोंडायची जागा रिकामी पडली होती, ती तिनं पंचायतीकडून मागून घेतली. मग घरोघर फिरून वस्तू आणल्या. कोणाचं पेरणीच्या तिफणीचं चाडं, रहिमाबीच्या सासऱ्याची कापूस पिंजायची कमान. लोक म्हणायचे, "कौशल्याबाईनं सारं गाव कोंडवाड्यात घातलं, आता सोडवाले कोन जाते?" तीही हसायची.

पाट्या मात्र ती हसत लिहीत नव्हती. या दगडाजवळच्या पाटीवर तिनं ऑइलपेंटनं लिहिलं होतं: 'या खाचा दोरांनी पडल्या. बौद्धपुऱ्यातल्या बायांना या विहिरीत दोर सोडू देत नव्हते. म्हणून त्यांची खाच या दगडावर नाही.'

झाडू तिथंच टाकून मी पंचायतीत गेलो. सरपंच देवीदास माझ्या चुलतभावाचा मुलगा.

"या काकाजी, बसा. चहा सांगू?"

"दगडाले कोनं हात लावला?"

"मीच लावाले सांगतला." त्यानं लपवलंही नाही. "समिती येऊन राह्यली अमरावतीहून. आदर्श गावात आपला नंबर लागून राह्यला. त्यायले काय हेच दाखवाचं, का आमी पानी भरू देत नोयतो म्हून?"

"देत नोयतो तं तसंच दाखवाचं."

"म्हून तं त्यायची बी खाच करून देल्ली ना. बरोबरी झाली. आता कोनाले वाईट वाटाचं कारन नाई."

"ग्राइंडरनं बरोबरी?"

तो हसला. "तुमी कंडक्टर मानूस, काकाजी. घंटी मारा अन् गाडी पुढं जाऊ द्या. जुनं काहून उकरता?"

"खाली उभ्या मानसाले गाडीत बसला होता असं दाखवून मी कधी तिकीट फाडलं नाई, देवीदास. पाटी दे."

"समिती गेल्यावर पाहू. काकू गेली, तुमचं दुःख समजते मले..."

"दुःख हाये. येडा नाई झालो."

दुसऱ्या दिवशी मी पंचफुलाबाईला घेऊन आलो. पाण्यासाठी त्या विहिरीवर उभ्या राहिलेल्या बौद्धपुऱ्यातल्या बायांपैकी आता तीच उरली आहे. तिनंच कौशल्याला सगळं सांगितलं होतं. तिनं नव्या खाचेत बोट घातलं, बोटाला लागलेली पूड पाहिली, आणि हसायलाच लागली.

"हे आमची खाच? अन् दोर कोठी हाये? आना ना दोर, ओढतो मी पानी!"

मीही हसलो. कौशल्या गेल्यावर पहिल्यांदा. मग ती एकदम थांबली.

"भाऊ, मायी माय सकायपासून उभी राहे. कोनाले दया आली तं ते वरून पानी ओते. अन् आता हा पोट्टा म्हन्ते, का तुमीबी ओढलं. मंग माय उभी काहून होती? मजा म्हून?"

मी फ्लेक्स काढला. पाटी नेता येते, भिंत नेता येत नाही. म्हणून कौशल्याची तिन्ही वाक्यं भिंतीवरच लिहिली. माझं अक्षर वाईट आहे, ओळी खाली घसरल्या. खाली माझं लिहिलं: 'पाचवी खाच दोरानं पडली नाही. यंदा समिती येणार म्हणून ती मशिनीनं पाडली.'

"वाचून दाखव," पंचफुलाबाई म्हणाली. मी वाचलं. "हाव," ती म्हणाली. "आता बरोबर हाये."

समिती आली. देवीदास हार, नारळ, फोटोवाला घेऊन पुढं होता. दारातून आत पाऊल टाकताच त्याला भिंत दिसली. तो जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पिंजायच्या कमानीबद्दल बोलू लागला. समितीच्या मॅडम उंच होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरून सगळं वाचलं.

"हे खरं आहे?"

"खरं हाये," मी म्हणालो.

"मॅडम, काकू वारल्यापासून काकाजीच्या डोक्याले जरा..."

"त्यायचं डोकं नीट हाये," पंचफुलाबाई जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली. "मी खाली बसली, म्हून दिसली नसन. मले इचारा."

मॅडमनी विचारलं. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. देवीदासच्या हातातला हार तसाच राहिला.

आमच्या गावाचा नंबर लागला नाही. भिंतीमुळे लागला नाही की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. गावाला माहीत आहे. पानठेल्यावर मी गेलो की गप्पा थांबतात. खुशालराव तर तोंडावर म्हणाला, "बायको गेली अन् ह्यानं गावाची इज्जत तिच्यासंगं पाठवली." मी त्याला म्हटलं, "इज्जत असती तं ग्राइंडर कायले लागलं असतं?" भिंतीला चुना मारायला माणूस आला, तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसलो. तो परत गेला. खुर्ची मी अजून उचललेली नाही.

शाळेची मुलं येतात. पंचफुलाबाईच त्यांना सांगते. परवा एका मुलीनं विचारलं, "आजी, तुमचा दगडच नाई का मंग?"

"हाये नं. आमचा येगळा होता, बाभयीच्या झाडाखाली. पानी भेटेपर्यंत घागरी त्याच्यावर ठेवो. ठेवून ठेवून त्याच्यावर गोल गोल खड्डे पडले."

हे तिनं कौशल्यालाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणाली.

मी शोध घेतला. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तो दगड पालथा करून नाल्याच्या मोरीवर टाकला. वरून सगळं गाव जातं. देवीदासला म्हणालो, मोरी फोडावी लागेल.

"माया अंगावरून जा मंग, काकाजी."

"जाईन," मी म्हणालो.

विहिरीचा काठ कोंडवाड्यात आहे. बौद्धपुऱ्याचा दगड मोरीवर पालथा आहे. तो अजून आणायचा राहिला आहे.